पैसे आले, नाव आलं नाही

शैक्षणिक कर्जाची चर्चा बहुतेक घरांत मंजुरीपाशी संपते. तारण लागेल का, व्याज किती, वडिलांच्या पगाराच्या स्लिपा पुरतील का, जामीनदार कोण मिळेल. मंजुरीचं पत्र हातात पडलं की घर निर्धास्त होतं. माझी नोकरी त्याच्या पुढच्या टप्प्यातली होती. कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या एका व्यावसायिक कॉलेजच्या फी-विभागात मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. बँकेकडून आलेला पैसा कोणत्या मुलाचा आहे हे शोधणं आणि तो त्याच्या नावावर चढवणं, हा त्या कामाचा मोठा भाग होता. मुलांचा सर्वांत जास्त छळ याच टप्प्यावर होतो, असं माझं ठाम मत आहे.

पूर्वी कर्जाचा हप्ता डिमांड ड्राफ्टने यायचा. विद्यार्थी किंवा त्याचे वडील स्वतः ड्राफ्ट घेऊन खिडकीशी उभे राहायचे आणि आम्ही त्याच्या पाठीमागे पेन्सिलने नाव, शाखा, वर्ष आणि फोन नंबर लिहून घ्यायचो. रांग मोठी असायची, ड्राफ्ट वटायला दिवस लागायचे, पण कुणाचा पैसा कुणाला जमा झाला असं सहसा घडायचं नाही. मग एनईएफटी आणि आरटीजीएस आलं. बँक थेट कॉलेजच्या खात्यात रक्कम पाठवू लागली. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालू झालं, पुढच्या डिसेंबरात आरटीजीएसही. पैसा मिनिटांत यायला लागला, आणि ड्राफ्टच्या पाठीवरचं ते पेन्सिलीचं लिखाण मात्र वाटेत हरवलं. नव्या व्यवस्थेत ते कुठे लिहायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं.

कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत राहणारी एक मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. बँकेच्या शाखेने हप्ता पाठवला होता, शाखेकडे यूटीआर नंबर, म्हणजे त्या पाठवणीचा ओळख क्रमांक, होता. आमच्या संगणकावर मात्र तिची फी थकीत दिसत होती आणि थकबाकी असेल तर परीक्षेचा अर्ज पुढे सरकायचा नाही, असा कॉलेजचा नियम होता. वडील एका कारखान्यात पाळीवर कामाला. रात्रपाळी संपवून ते सरळ आमच्या खिडकीशी आले.

“मॅडम, बँक म्हणते पैसे गेले. तुम्ही म्हणता आले नाहीत. मग माझ्या मुलीचे पैसे आहेत कुठे?”

“दादा, तुम्ही बसा आधी. बँकेने कागद दिलाय तो दाखवा.”

पैसे आमच्याच खात्यात होते. त्याच आठवड्यात त्याच बँकेतून तेवढ्याच रकमेच्या दोन जमा झाल्या होत्या. बँक-उताऱ्यावर पाठवणाऱ्याचं नाव म्हणून शाखेच्या अंतर्गत खात्याचं नाव होतं आणि शेऱ्याच्या रकान्यात मुलीचं नाव व आडनाव, तेही अर्धवट कापलेलं. आमच्या सॉफ्टवेअरने जुळणारं पहिलं नाव उचललं आणि रक्कम तिसऱ्या वर्षाच्या, तिच्याच नावा-आडनावाच्या दुसऱ्या मुलीच्या खाती चढवली. त्या मुलीची फी आधीच भरलेली होती, त्यामुळे तिच्या खात्यावर जादा शिल्लक दिसत होती आणि तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. यूटीआरवरून दोन्ही जमा लावून बघितल्यावर घोळ उलगडला. परीक्षेचा अर्ज विलंब शुल्कासह भरावा लागला. बँकेच्या लेखी पैसा ज्या दिवशी निघाला त्या दिवसापासून व्याज चालू होतं. १,२०,००० रुपयांचा हप्ता ९ टक्के दराने ६० दिवस अडकला तर सुमारे १,७७५ रुपये व्याज होतं. बँकेची चूक असो की कॉलेजची, ते व्याज विद्यार्थ्याच्या कर्जात मिळवलं जातं.

त्या प्रकरणानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. लक्षात आलं ते असं: संगणक आणला, पोर्टल आणलं, म्हणजे माहितीची देवाणघेवाण सुरळीत होते हा समज खोटा आहे. दोन्ही टोकांच्या संगणकांनी ‘नाव’ म्हणजे काय, ‘क्रमांक’ म्हणजे कोणता, ‘रक्कम’ म्हणजे कशाकशाची बेरीज हे आधी ठरवलेलं असावं लागतं. ते ठरलं नसेल तर वेग वाढतो तशा चुकाही वाढतात.

नावाचंच घ्या. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीवर. आधार कार्डावर सगळं नाव एकाच ओळीत, घातलं त्या क्रमाने. पॅनच्या अर्जात आडनाव, पहिलं नाव, मधलं नाव असे तीन रकाने. बँकेच्या जुन्या खात्यावर कित्येकदा नुसती आद्याक्षरं. यातला कोणताही कागद खोटा नसतो, पण अक्षर-अक्षर लावून बघणाऱ्या संगणकाला ही चार वेगळी माणसं वाटतात. राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव अशा क्रमाने नोंदलं जातं. मला हा निर्णय मनापासून आवडला. ही मुलं २०४२ च्या सुमारास कर्जाच्या खिडकीशी येतील, तोवर चार भागांचं नाव मावेल असे रकाने प्रत्येक बँकेत आणि कॉलेजात तयार हवेत.

नावावर विसंबता येत नाही म्हणून क्रमांक. आता क्रमांक तरी किती? सीईटीचा अर्ज क्रमांक, कॉलेजचा प्रवेश क्रमांक, हजेरीपटावरचा रोल नंबर, मुंबई विद्यापीठाचा सोळा अंकी पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा बारा अंकी अपार आयडी, बँकेचा कर्ज-अर्ज क्रमांक आणि मंजुरीनंतरचा कर्जखाते क्रमांक. बँक तिचा क्रमांक लिहिते, कॉलेज त्याचा. दोघांच्या कागदावर एकच सामाईक क्रमांक असेल तरच जुळणी होते. रोल नंबर दरवर्षी बदलतो, तो कधीही धरू नये. पीआरएन विद्यापीठाचं शिक्षण संपेपर्यंत तोच राहतो. अडचण एवढीच, की तो प्रवेशानंतर काही काळाने मिळतो, आणि पहिला हप्ता त्याच्या आधी लागतो. म्हणून पहिल्या वर्षी कॉलेजचा प्रवेश क्रमांक आणि पीआरएन आला की दोन्ही, असा नियम आम्ही ठेवला.

इथे एक तांत्रिक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच आकडा बिनचूक धरतं. सोळा अंकी पीआरएन साध्या रकान्यात टाकला की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. म्हणजे फक्त शेवटच्या अंकाने वेगळे असलेले दहा विद्यार्थी एका क्रमांकाचे होतात. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्यही तसंच नाहीसं होतं. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मगच आकडे भरायचे. बँकेकडे जाणाऱ्या यादीत असा एक रकाना बिघडला तर पुढचा सगळा हिशेब त्याच चुकीवर उभा राहतो आणि ती चूक ऑडिटच्या वेळीच सापडते.

बँकेच्या शाखेची ओळख असलेल्या आयएफएस कोडचंही तसंच. तो अकरा चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं चिन्ह नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. हाताने लिहिलेल्या अर्जावरचं पाचवं शून्य टाइप करताना इंग्रजी ‘ओ’ होतं, हे मी असंख्य वेळा पाहिलं आहे. त्यात बँकांची विलीनीकरणं आली. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या आणि त्यांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत मिळाल्या. विद्यार्थ्याच्या मंजुरीपत्रात कॉलेजच्या खात्याचा पहिल्या वर्षीचा जुना कोड छापलेला, कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतही तोच, आणि चौथ्या वर्षाचा हप्ता परत फिरलेला. दरवर्षी जूनमध्ये खाते क्रमांक आणि कोडचं नवं, सही-शिक्क्याचं पत्र काढणं हे कॉलेजचं कर्तव्य समजायला हवं.

सर्वांत गुंतागुंतीचा रकाना रकमेचा. बँकेला देण्याच्या फीच्या पत्रात शिकवणी फी, विकास निधी, विद्यापीठाचं शुल्क, परीक्षा शुल्क, परत मिळणारी अनामत हे सगळं एका आकड्यात घातलेलं असतं. व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि प्रवेशाच्या वेळी अंतिम आकडा हाती असतोच असं नाही. त्यात महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणारी सवलत येते. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत पात्र विद्यार्थ्याची अर्धी शिकवणी फी सरकार देतं. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. बँकेकडे गेलेल्या पत्रात ही सवलत वेगळी दाखवली नाही, तर बँक पूर्ण फी पाठवते. मुलगी माफी असलेल्या पैशावर व्याज भरत राहते. म्हणून पत्रात प्रत्येक बाब वेगळी, सवलत वेगळी, आणि खाली बँकेने पाठवायची निव्वळ रक्कम, असे तीन भाग हवेत. जादा आलेली रक्कम कॉलेजने कर्जखात्यातच परत पाठवावी. विद्यार्थ्याच्या बचत खात्यात ती गेली की घरखर्चात मिसळते आणि कर्ज तसंच राहतं.

सरकारने या दिशेने काही केलं नाही असं नाही. १५ ऑगस्ट २०१५ ला विद्या लक्ष्मी पोर्टल सुरू झालं. बँकांच्या संघटनेने तयार केलेला एकच अर्ज भरायचा आणि तो तीन बँकांपर्यंत पाठवता यायचा. त्याआधी ठाण्याच्या एका शाखेत एक फॉर्म, नौपाड्याच्या दुसऱ्या शाखेत दुसरा, अशी धावपळ चालायची. ती थांबली ही मोठी गोष्ट. पुढे जून २०२२ मध्ये जनसमर्थ हे सरकारी कर्जयोजनांचं पोर्टल आलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांमधल्या (मंजुरीच्या वेळी ८६०) विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के सरकारी हमी, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याज-सवलत. नावं सारखी असल्याने पालक विद्या लक्ष्मी आणि पीएम-विद्यालक्ष्मी एकच समजतात आणि चुकीच्या ठिकाणी अर्ज करून बसतात. आपलं कॉलेज या योजनेच्या यादीत आहे का, हे अर्जाआधी बघायचं.

पण ही पोर्टलं विद्यार्थी आणि बँक यांना जोडतात. आमच्या फी-विभागाच्या संगणकापर्यंत त्यातली माहिती कधी आपोआप आली नाही. पीडीएफ यायच्या, त्यातून आम्ही हाताने टाइप करायचो. आमच्याकडे येणारी पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटोच, त्यातला आकडा संगणकाला आपोआप वापरता येत नाही, हे व्यवस्थापनाला पटवायला मला फार काळ लागला.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी हेच दुखणं नव्वदच्या दशकात सोसलं. वेगवेगळ्या बँका आणि हमी संस्था वेगवेगळ्या रचनेच्या फायली मागायच्या. तिथे कर्जसंस्थांनी मिळून ‘कॉमनलाइन’ नावाची सामाईक रचना ठरवली, १९९७ मध्ये उच्च शिक्षणातल्या माहितीच्या प्रमाणकांसाठी परिषद स्थापन झाली, आणि २००२-०३ पासून सरकारी कर्जं व अनुदानांसाठी विद्यापीठ आणि शिक्षण खातं यांच्यात एकाच ठरलेल्या साच्याची नोंद जाऊ लागली. तरीही घाईने बदल केला की काय होतं ते तिथेच पुन्हा दिसलं. सरकारी आर्थिक मदतीचा नवा अर्ज नेहमीच्या ऑक्टोबरऐवजी डिसेंबर २०२३ च्या अखेरीला खुला झाला आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी कॉलेजांकडे मार्च २०२४ मध्ये जाऊ लागल्या. मुलांना मदत किती मिळणार हे कळायला उशीर झाला. आपल्याकडे २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एका फटक्यात सगळीकडे लावली, निकाल ३१ जुलैची मुदत उलटून गेले आणि त्या वर्षी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. परदेशी प्रवेश आणि कर्ज निकालावर अडलेली मुलं तेव्हा ठाणे-डोंबिवलीच्या घराघरांत होती. म्हणून कॉलेजांना माझं पहिलं सांगणं: नवी पद्धत आणताना एका अभ्यासक्रमापुरती, एका सत्रापुरती आणा आणि जुनी वही तोवर चालू ठेवा.

आम्ही शेवटी जे केलं ते फार खर्चाचं नव्हतं. सर्वांत जास्त विद्यार्थ्यांची कर्जं ज्या शाखांत होती, त्यांच्या अधिकाऱ्यांना बोलावून एका कागदावर रकाने ठरवले: संस्थेचा ऐशे कोड, विद्यार्थ्याचा प्रवेश क्रमांक व पीआरएन, आधारवर आहे तसंच नाव, शैक्षणिक वर्ष, निव्वळ रक्कम, दिनांक दिवस-महिना-वर्ष या क्रमाने आणि वर्ष चार अंकी. ऐशे कोड म्हणजे उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात प्रत्येक संस्थेला मिळालेला क्रमांक. महाविद्यालयाचा ‘सी’ अक्षराने सुरू होतो. आपल्या भागात एकाच संस्थेची सारख्या नावाची तीन-चार महाविद्यालयं असतात, तिथे हा कोड फार उपयोगी पडतो. पैसे पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात आधी क्रमांक, मग नाव, असा आग्रह धरला. कारण शेरा कापला जातो तो शेवटाकडून. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस व्यवस्था ऑक्टोबर २०१३ पासून आयएसओ २००२२ या आंतरराष्ट्रीय संदेशरचनेवर चालते, तिच्यात अशी माहिती नेण्याची सोय आहे. सोय असून आपण ती वापरत नव्हतो.

ज्या कॉलेजांना जमेल त्यांनी बँकेकडून प्रत्येक विद्यार्थ्यामागे व्हर्च्युअल खाते क्रमांक घ्यावेत. पैसा एकाच मूळ खात्यात येतो, पण आलेल्या क्रमांकावरूनच विद्यार्थी ओळखता येतो. हे झाल्यावर ओळख न पटलेल्या जमांची यादी झपाट्याने लहान होते. ती यादी रोज सकाळी उघडायची, महिनाअखेरीला नाही. आणि यादीत असलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याचा परीक्षा-अर्ज अडवायचा नाही, यूटीआर दाखवला की पुरे, हा नियम प्राचार्यांच्या सहीने लेखी करून घ्यायचा. मला विचाराल तर बाकी सगळं राहिलं तरी चालेल, एवढा एक नियम हवाच.

आधार क्रमांक जुळणीसाठी वापरू नका, हेही कळकळीने सांगते. शेकडो मुलांचे आधार क्रमांक असलेल्या एक्सेल फायली व्हॉट्सॲपवरून फिरताना मी पाहिल्या आहेत. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, पण मुलांचं रक्षण कायद्याआधी टेबलावरच्या माणसाने करायचं असतं. प्रत द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच अंक दिसणारं आधार द्यावं.

विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी काय करायचं? कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी गुणपत्रिका, आधार, पॅन आणि बँक खातं यांवरची नावं शेजारी ठेवून वाचा. फरक असेल तर आधी तो मिटवा. मंजुरीनंतर तो मिटवणं अवघड जातं. राहता पत्ता एका शाखेच्या हद्दीत आणि कॉलेज दुसरीकडे म्हणून कुणी परत पाठवलं, तर रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच हद्दीच्या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नका असं बँकांना कळवलेलं आहे, ते नम्रपणे पण लेखी सांगा. हप्ता निघाला की त्याच दिवशी बँकेकडून यूटीआर मागा. एनईएफटीचा सोळा चिन्हांचा असतो, आरटीजीएसचा बावीस. तो, रक्कम, तारीख आणि आपला प्रवेश क्रमांक फी-विभागाला ई-मेलने कळवा. तोंडी सांगितलेलं टेबल बदललं की राहत नाही. आणि पावती येईपर्यंत पाठ सोडू नका. त्या पावतीची प्रत बँकेलाही द्या, कारण पुढचा हप्ता तिच्यावाचून निघत नाही.

महाडीबीटीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि शेवटी जोडलेलं खातं धरलं जातं. कर्जासाठी नव्या बँकेत खातं उघडताना तिथे आधार जोडला, तर शिष्यवृत्ती तिकडे वळते आणि घरचे जुन्या पासबुकात वाट बघत राहतात. खातं उघडतानाच हा प्रश्न विचारून घ्या.

शेवटची गोष्ट व्याज-सवलतीची, कारण तिच्यात सर्वांत जास्त नुकसान निमूटपणे होतं. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या, तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या विद्यार्थ्याचं शिक्षणकाळातलं आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना २००९ पासून आहे. मागणी मात्र तुमच्या बँकेने ठरलेल्या नमुन्यात वर पाठवायची असते. उत्पन्नाचा आकडा, अभ्यासक्रमाचा प्रकार, संस्थेचं मूल्यांकन यातला एक रकाना कोरा राहिला तर मागणी जात नाही आणि तसं कुणी कळवतही नाही. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला पहिल्या हप्त्याआधीच शाखेत द्या, प्रतीवर पोच घ्या. दरवर्षी एप्रिलमध्ये कर्जखात्याचा उतारा मागा आणि त्यात सवलतीची जमा दिसते का ते ओळ न ओळ वाचा. दिसत नसेल तर शाखाधिकाऱ्यांना लेखी विचारा: माझी मागणी कोणत्या तारखेला पाठवली, आणि कोणत्या क्रमांकाने?